संवेदनशील त्वचेसाठी वस्तऱ्याने दाढी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तरा वापरू लागल्यावर त्वचेची आग थांबते का?

काहींची थांबते आणि काहींची वाढते. हा फरक बहुतेक वेळा वस्तऱ्यामुळे पडत नाही, तर दाढी किती गुळगुळीत व्हावी या अपेक्षेमुळे पडतो. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचे पाते केस किंचित वर ओढते आणि तो मागे सरकण्याआधी मागचे पाते त्याला कापते. त्यामुळे केसाचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाते, आणि रेझर एकदा फिरवला तरी त्याच जागेवरून तीन ते पाच धारा जातात. वस्तऱ्याला धार एकच असते, तिचा कोन आणि दाब आपल्या हातात असतो, आणि साबणाचा फेस व केस पात्यांच्या फटींत अडकून बसण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु त्याच वस्तऱ्याने त्वचा घट्ट ताणून, केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, एकाच जागेवर पुन्हा पुन्हा हात फिरवला तर तो पाच पात्यांच्या रेझरपेक्षाही अधिक जवळून कापतो आणि त्रासही तेवढाच देतो. पुढील सर्व उत्तरे म्हणूनच एक गोष्ट गृहीत धरून दिली आहेत : थोडे खुंट राहिले तरी चालतील, त्वचा लाल होता कामा नये.

वस्तरा हाती घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे कोणी आवश्यक मानावे?

चेहऱ्यावर इसब उफाळलेले असेल, पूयुक्त पुटकुळ्या असतील किंवा ओठांजवळ नागिणीसारखे पाण्याचे फोड आले असतील, तर ते बरे होईपर्यंत वस्तरा पूर्णपणे बाजूला ठेवावा. सोरायसिस, कोड आणि लायकेन प्लॅनस या विकारांत त्वचेला इजा झाल्यास नेमक्या त्याच रेषेत नवा चट्टा उमटू शकतो, त्यामुळे या विकारांच्या रुग्णांनी त्वचारोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय प्रयोग करू नयेत. विषाणूमुळे होणाऱ्या बारीक चपट्या चामखिळी दाढीच्या पात्याबरोबर गालभर पसरतात. अनेकजण त्यांना साध्या पुटकुळ्या समजून त्यांच्यावरूनच दाढी करत राहतात. जखमेच्या जागी जाड, उंचवटलेला व्रण उठण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी, रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे जखमा उशिरा भरणाऱ्यांनीही आधी सल्ला घ्यावा. हाताला कंप असेल तर मात्र सल्ल्याचीही गरज नाही; हा प्रकार आपल्यासाठी नव्हे असे समजावे.

अखंड पात्याचा वस्तरा घ्यावा की सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलण्याचा?

महाराष्ट्रातल्या बहुतेक सलूनमध्ये आज जो वस्तरा दिसतो त्यात नेहमीच्या दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. स्वच्छतेच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे, तो वस्तरा स्वस्तही असतो आणि त्याला धार लावण्याची कटकट नसते. मात्र नवशिक्याच्या संवेदनशील त्वचेला तो कमी क्षमाशील वाटतो. ब्लेडचा तुकडा अतिशय पातळ व हलका असतो, त्याची कोरी धार बोचरी असते, आणि कोन जरासा चुकला तरी त्वचेचा वरचा थर खरवडला जातो. अखंड पात्याच्या वस्तऱ्याला वजन असते, त्याची धार चामड्यावर फिरवून मऊ केलेली असते आणि तो गालावरून जाताना काय घडत आहे हे बोटांना कळते. आमचे मत अखंड पात्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. त्याची निगा राखण्याची चिकाटी नसेल तर बोथट वस्तऱ्यापेक्षा दर वेळी नवे ब्लेड घातलेला वस्तरा शतपटीने बरा.

पहिला वस्तरा निवडताना काय पाहावे?

पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजतात. सुरुवातीला पाच किंवा सहा अष्टमांश, म्हणजे साधारण १६ ते १९ मिलिमीटर रुंदीचे पाते योग्य ठरते, कारण त्याहून अरुंद पाते हातात डगमगते आणि त्याहून रुंद पाते नाकाखाली मावत नाही. पात्याचे टोक गोल असावे. चौकोनी किंवा टोकदार पाते कल्ल्यांची रेषा कोरायला उपयोगी असते, परंतु कानाच्या पाळीवर आणि ओठाच्या कोपऱ्यावर पहिले ओरखडे त्याच टोकाने उठतात. दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेले पाते लवचीक असते, पाचरीसारखे भरीव पाते जड असते, आणि मधल्या प्रकारचे, अर्धपोकळ पाते शिकणाऱ्याला सर्वांत सोयीचे जाते.

पोलादाचा प्रश्न इथे हवामानाशी जोडलेला आहे. कार्बन पोलादाला सहज धार येते, पण ते लवकर गंजते. स्टेनलेस पोलादाला धार लावायला वेळ लागतो, मात्र कोकण, मुंबई आणि गोव्याच्या पावसाळ्यात ते डोकेदुखी वाचवते. जर्मनीतील झोलिंगेन आणि फ्रान्समधील तिएर ही दोन गावे वस्तऱ्यांसाठी जुनी व नावाजलेली आहेत. पात्यावर झोलिंगेनचे नाव कोणी कोरावे यावर जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे बंधन आहे. झोलिंगेनच्या डोव्हो कंपनीची स्थापना १९०६ ची, तर तिएरच्या तिएर-इस्सार या कंपनीची १८८४ ची आहे. जुना वस्तरा घेण्यातही काही कमीपणा नाही, मात्र धारेवर खाचा, तडे किंवा गंजाचे खोल खड्डे असतील तर तो घेऊ नये. चकचकीत लाकडी मूठ, सुंदर डबी आणि आश्चर्यकारक स्वस्त किंमत असा संच दिसला तर ती वस्तू शोभेची आहे असे समजून पुढे जावे. त्या पात्याचे पोलाद धार धरतच नाही.

नवा वस्तरा खोक्यातून काढून थेट वापरता येतो का?

सहसा येत नाही. कारखान्यातून निघालेली धार कागद कापण्याइतकी तीक्ष्ण असते, पण ओले केस न ओढता कापण्याइतकी ती क्वचितच असते. विक्रेत्याला वस्तरा दाढीयोग्य धार लावून मिळेल का हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा विक्रेता पाहावा. संवेदनशील त्वचेच्या बाबतीत ही अट गौण नाही. नवशिक्याला होणाऱ्या जळजळीचा मोठा भाग त्याच्या हाताच्या दोषापेक्षा अर्धवट धारेमुळे होतो, कारण पाते अडू लागले की माणूस नकळत दाब वाढवतो आणि केसांऐवजी त्वचाच खरवडली जाते.

चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा कसा परजावा?

प्रत्येक दाढीपूर्वी, कोरड्या पात्याने. पट्ट्याला सहसा दोन बाजू असतात, एक जाड कापडाची आणि दुसरी चामड्याची. कापडावर २० आणि चामड्यावर ४० फेऱ्या, जाणे-येणे मिळून एक फेरी, एवढे पुरेसे असते. पाते पट्ट्यावर पूर्ण आडवे टेकवावे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला लागतील. पाठ पुढे व धार मागे राहील अशा दिशेने ओढावे आणि टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवरून उलटावे. धारेवरून उलटल्यास पट्टा कापला जातो आणि धारही वळते. पट्टा ताठ धरावा, कारण तो सैल राहिला की धार गोलसर होते. वेग हा न्हाव्याच्या दुकानात शोभणारा प्रकार आहे. घरी शिकताना त्याचा काही उपयोग नाही. पहिला पट्टा हमखास कापला जातो, म्हणून तो साधाच घ्यावा.

दगडावर धार लावणे स्वतः शिकावे का?

लगेच शिकू नये. रोज नीट परजलेला वस्तरा काही महिने चालतो. परजूनही तो केस ओढू लागला की मगच दगडावर धार लावण्याची पाळी येते. दगडांचे काम टप्प्याटप्प्याने चालते : सुमारे १००० क्रमांकाच्या दगडावर धारेचा उतार तयार होतो, ४००० व ८००० वर तो गुळगुळीत होतो आणि १२००० किंवा तशाच बारीक पोताच्या नैसर्गिक दगडावर त्याला शेवटचा हात मिळतो. बेल्जियममधील आर्देन भागातला पिवळट कोटिक्यूल दगड या शेवटच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. स्वयंपाकघरातील सुरीच्या दगडावर किंवा चाकवाल्याकडे वस्तरा कधीही देऊ नये. गावात एखादे वयस्क नाभिक असतील, ज्यांनी ब्लेडचे वस्तरे येण्यापूर्वीचे काम केलेले आहे, तर त्यांच्याकडे अर्धा तास बसून पाहणे हे कोणत्याही चित्रफितीपेक्षा उपयोगी पडते.

दाढीपूर्वी त्वचेची तयारी किती करावी?

दाढीचा कोरडा केस राठ असतो. पाणी शोषल्यावर तो फुगतो, मऊ होतो आणि त्याला कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याचा संपर्क पुरतो, आणि आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर वेगळे काही करावे लागत नाही. पाणी कोमटच असावे, कारण कढत पाण्याने त्वचेवरचा नैसर्गिक तेलकट थर निघून जातो आणि लाली दाढीपूर्वीच येते. चेहरा घासणारे दाणेदार स्क्रब त्या दिवशी वापरू नयेत. दाढीआधी खोबरेल तेल लावण्याची सवय अनेकांना असते. कोरड्या त्वचेला ते मानवते, पण पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेची रंध्रे त्याने बुजतात आणि फेसही टिकत नाही.

साबण आणि ब्रश कोणता असावा?

पारंपरिक दाढीचा साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच) साधारण ९ ते १० च्या घरात, तर निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास असतो. बहुतेकांना एवढ्या वेळापुरता हा फरक बाधत नाही, परंतु ज्यांना नुसत्या आंघोळीच्या साबणाने त्वचा ताणल्यासारखी वाटते त्यांनी ग्लिसरिनयुक्त, सुवासविरहित क्रीम निवडावे. थंडावा देणारा मेंथॉल, लिंबू-संत्र्याचे अर्क आणि तीव्र चंदनी सुगंध हे त्रासाचे नेहमीचे उगम आहेत. गारवा वाटणे म्हणजे त्वचा शांत होणे नव्हे, हे जाहिरातींमुळे विसरले जाते. कोणतेही नवे उत्पादन आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. दाब देऊन फवारण्याचा डब्यातील फेस सोयीचा असतो, पण तो हवेने फुगलेला व कोरडा असल्याने वस्तऱ्याखाली हवा तसा निसरडेपणा देत नाही.

ब्रशांमध्ये डुकराचे केस सर्वांत राठ, बॅजरचे मध्यम आणि चांगले कृत्रिम तंतू सर्वांत मऊ असतात. कृत्रिम ब्रश लवकर वाळतो, हा त्याचा दमट हवेतला मोठा गुण आहे. ब्रश गालावर दाबून गोल गोल घासण्याऐवजी फेस वाटीत करून रंगाऱ्यासारखा पुढे-मागे लावावा. फेस दह्याच्या घोळाइतका दाट आणि चमकदार ओला दिसला पाहिजे. त्यात बुडबुडे दिसत असतील तर अजून थोडे घुसळावे, आणि तो वाळू लागला तर पाण्याचे दोन थेंब घालावेत.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि फेस होतच नाही. काय करावे?

बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात, त्यामुळे फेस बसतो आणि चेहऱ्यावर खरखरीत थर राहतो. मराठवाड्यात आणि शहरांच्या टँकरवर जगणाऱ्या उपनगरांत हा अनुभव नेहमीचा आहे. उपाय सोपा आहे : फेसासाठी पिण्याचे गाळलेले पाणी किंवा साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी वापरावे, कारण ते अर्धी वाटीसुद्धा लागत नाही. शेवटचा चेहरा धुण्याचा तांब्याही त्याच पाण्याचा असेल तर उत्तम.

वस्तरा धरावा कसा आणि सुरुवात कोठून करावी?

मूठ पात्याशी काटकोनाच्या जरा पुढे उघडावी. अंगठा पात्यालगतच्या दांड्याच्या खाली, तीन बोटे त्याच्या वर आणि करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर ठेवावी. पकड लेखणी धरण्याइतकीच सैल असावी. पाते गालावर आधी पूर्ण आडवे टेकवावे आणि मग पाठ तिच्या जाडीच्या दीड ते दोन पट अंतरापर्यंत उचलावी. यातून साधारण ३० अंशांचा कोन मिळतो. कोन वाढला की पाते खरवडते आणि फार कमी झाला की केस ओढते.

पहिले काही दिवस फक्त कानापासून जबड्याच्या हाडापर्यंतचा सपाट गाल वस्तऱ्याने करावा आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने उरकावी. हात बसला की मग जबड्याखालचा भाग, त्यानंतर वरचा ओठ आणि सर्वांत शेवटी हनुवटी असा क्रम ठेवावा. हनुवटीवरचा केस सर्वांत राठ असतो, तिथला उतार क्षणाक्षणाला बदलतो आणि घाईत झालेल्या जखमा बहुधा तिथेच होतात. मोकळ्या हाताच्या बोटांनी त्वचा हलकेच सपाट करावी. ती बोटे कोरडी राहावीत म्हणून शेजारी पंचा किंवा तुरटीचा खडा ठेवतात. पाते एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच फिरवावे, हात आखूड असावेत. पाते नेहमी धारेच्या काटकोनात पुढे सरकावे; ते आडवे सरकले की कापलेच म्हणून समजावे. डावा गाल डाव्या हाताने करण्याची पद्धत शिकता आली तर चेहऱ्यासमोर हात आडवा येत नाही, पण ते सर्वांना जमत नाही आणि न जमल्याने काही अडतही नाही. वस्तरा हातातून निसटला तर तो झेलण्याचा प्रयत्न करू नये. त्याला पडू द्यावे, पाय मागे घ्यावेत. लहान मुले मोकळेपणी आत-बाहेर करत असताना दाढीला बसू नये.

गाल ठीक राहतो, पण गळ्यावर आग होते. असे का?

गालावर केस बहुधा वरून खाली वाढतात आणि गळ्यावर ते बाजूला, खालून वर, कधी भोवऱ्यासारखे गोल वाढतात. आपण वरून खाली हात मारतो तेव्हा गळ्याच्या अर्ध्या भागात तो नकळत उलटा पडलेला असतो. दोन दिवसांची दाढी असताना कापसाचा बोळा गळ्यावरून निरनिराळ्या दिशांना फिरवावा. ज्या दिशेने तो अडकत नाही ती केसांच्या वाढीची दिशा होय. ती एकदा कागदावर बाणांनी काढून आरशाजवळ लावली की गळ्याची तक्रार बऱ्याच अंशी मिटते.

उलटा हात मारावा की मारू नये?

संवेदनशील त्वचेवर मारू नये. पहिला हात केसांच्या दिशेने, आणि हवा असेल तर पुन्हा फेस लावून दुसरा आडव्या दिशेने, एवढ्यावर थांबावे. फेस नसलेल्या जागी पाते फिरवायचे नाही, मग तिथे एक चुकार केस राहिला तरी.

दाढीनंतर केस आत वळून गाठी येतात. वस्तऱ्याने त्या जातील का?

कुरळ्या व जाड केसांत कापलेले टोक पुन्हा त्वचेत शिरते किंवा त्वचेच्या आतच वाढते आणि त्याभोवती सूज येते. ही जंतूंची लागण असतेच असे नाही, त्यामुळे दुकानातून आणलेले कोणतेही प्रतिजैविक मलम चोपडण्यात अर्थ नसतो. हा त्रास मुळात फार जवळून कापल्याने होतो, आणि म्हणून या एका बाबतीत वस्तऱ्याची ख्याती आपल्या विरुद्ध जाते. गाठी असताना दाढी काही आठवडे पूर्ण थांबवावी किंवा ट्रिमरने एक मिलिमीटर केस ठेवावेत. नंतर वस्तरा सुरू केलाच तर त्वचा अजिबात ताणू नये आणि एकाच दिशेचा एकच हात फिरवावा. सुईने केस उकरून काढल्यास काळे डाग पडतात, आणि सावळ्या त्वचेवर ते महिनोन्‌महिने राहतात. तरीही गाठी येत राहिल्या तर दाढी वाढवणे किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडून लेझरबद्दल माहिती घेणे हे दोन मार्ग उरतात.

कापले तर तुरटी लावावी का? आणि दाढीनंतर काय लावावे?

तुरटीमुळे त्वचा आकुंचन पावते आणि बारीक ओरखड्यांतील रक्त थांबते. तिचा खडा आपल्याकडे दाढीच्या सामानात असतोच. ओला खडा फक्त कापलेल्या जागी टेकवावा आणि मिनिटभराने धुऊन टाकावा. संपूर्ण चेहऱ्यावर घासल्यास कोरडी त्वचा आणखी कोरडी होते. तोच खडा घरातील दोघांनी वापरू नये. जखम लांब असेल तर स्वच्छ कापडाने पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरावे. दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहिल्याने रक्त पुन्हा सुरू होते. तरीही थांबले नाही किंवा जखमेचे ओठ उघडे दिसले तर दवाखाना गाठावा.

दाढी झाल्यावर गार पाणी, टिपून घेतलेला पंचा आणि सुवासविरहित मॉइश्चरायझर एवढे पुरते. अल्कोहोलयुक्त लोशनची झणझण हा मर्दानगीचा पुरावा मानण्याची रीत आता सोडायला हरकत नाही. सकाळी बाहेर पडायचे असेल तर त्यावर सनस्क्रीन लावावे, कारण नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर ऊन लवकर डाग पाडते.

किती दिवसांनी दाढी करावी? श्रावणानंतर काय?

शिकताना दोन दिवसांचे अंतर सर्वांत चांगले, कारण केस पात्याला लागण्याइतके वाढलेले असतात आणि त्वचेला सावरायला वेळ मिळतो. श्रावण पाळणाऱ्यांनी महिन्याभराच्या दाढीवर थेट वस्तरा घालू नये. लांब केस पाते अडवतात, ओढले जातात आणि मुळाशी सूज येते. आधी कात्री किंवा ट्रिमरने दाढी अगदी बारीक करावी, शक्य तर दुसऱ्या दिवशी वस्तरा घ्यावा.

मिशीला कलप लावत असल्यास वेगळी काळजी घ्यावी का?

होय. बऱ्याच काळ्या कलपांत पीपीडी हे रसायन असते आणि त्याची ॲलर्जी झालेल्यांच्या ओठांभोवती खाज, सूज व पाणी सुटणे दिसते. ताज्या दाढीच्या त्वचेवर ते लावल्यास त्रास अधिक होतो, त्यामुळे दोन्हींत किमान एका दिवसाचे अंतर ठेवावे. अनेकजण कलपाचा दोष वर्षानुवर्षे वस्तऱ्यावर टाकत राहतात.

पावसाळ्यात वस्तरा गंजू नये म्हणून काय करावे?

दाढी होताच पाते धुवावे, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे टिपावे आणि मुठीच्या खाचेतील पाणीही काढावे, कारण गंजाची सुरुवात तिथून होते. मग शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरून वस्तरा न्हाणीघराबाहेर, कोरड्या जागी ठेवावा. खोबरेल तेल इथे चालत नाही. ते थंडीत गोठते आणि जुने झाले की चिकटते. चामड्याच्या वेष्टनात ओल धरते, तेव्हा तेही टाळावे. तेल पुढच्या दाढीपूर्वी पुसून घ्यावे.

घरातील दोघांनी एक वस्तरा वापरला तर चालेल का?

चालणार नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो आणि न दिसणारे रक्तही त्याला पुरते. अखंड पात्याचा वस्तरा उकळल्यास मूठ खराब होते आणि ब्लीचने पोलाद खाल्ले जाते, म्हणजे घरी त्याचे खात्रीचे निर्जंतुकीकरण करणे अवघड आहे. सलूनमध्ये गेल्यावर नवे ब्लेड आपल्यासमोर बसवायला सांगण्यात कोणताही संकोच बाळगू नये. चांगले कारागीर ते न सांगताच करतात.

विमानप्रवासात वस्तरा नेता येतो का?

हातातील सामानात नेता येत नाही, सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जातो. चेक-इन केलेल्या बॅगेत, धार झाकून आणि कापडात गुंडाळून तो नेता येतो. चार-पाच दिवसांचाच प्रवास असेल तर नवे ब्लेड घातलेला साधा सेफ्टी रेझर न्यावा, कारण हॉटेलच्या अनोळखी आरशासमोर आणि अपुऱ्या उजेडात वस्तरा चालवणे शिकाऊ माणसाला महागात पडते.